राजापूरचा सडा

राजापुरास जाणारा प्रवासी बहुधा तीन कारणांपैकीं एका कारणानें जातो. उन्हाळ्याची गंगा प्रकटली असें वर्तमानपत्रांत वाचून तो स्नानास जातो. आडिवऱ्याची महाकाली किंवा कशेळीचा कनकादित्य हें कुलदैवत असल्यानें ओटी भरण्यास वा अभिषेकास जातो. अथवा वडिलोपार्जित घराच्या हिश्श्याचा कांहीं तंटा असतो, म्हणून तलाठ्याच्या कचेरींत जातो. आमचें निमित्त या तिहींहून निराळें होतें. आम्ही गेलों तें बारसूचा सडा पाहण्यासाठीं. आणि नुसता सडा पाहण्यास कोणी मुद्दाम मुंबईहून येतें हें ऐकून राजापूर रोड स्थानकावरच्या रिक्षावाल्यानें आम्हांस एकवार नखशिखान्त न्याहाळून घेतलें. मग तोच म्हणाला, "म्हणजे रिफायनरीची जागा ना?"

राजापूर हें जुनें बंदर. अर्जुना आणि कोदवली या दोन नद्यांच्या संगमावर, डोंगरांच्या ओंजळींत बसलेलें हें गांव एके काळीं गलबतांनीं गजबजलेलें असे. इंग्रजांची येथें वखार होती. पन्हाळ्याच्या वेढ्यांत त्या वखारीच्या माणसांनीं सिद्दी जौहरास तोफांची मदत केली, म्हणून १६६१ सालीं शिवाजी महाराजांनीं राजापुरावर चाल करून वखार खणून काढली व वखारवाल्यांस कैद केलें, ही हकीकत शाळेंतल्या मुलांसही ठाऊक असते. तेव्हां 'कंपनी' या शब्दाशीं या गांवाची ओळख साडेतीनशें वर्षांहून जुनी आहे! आतां खाडी गाळानें भरली, गलबतें गेलीं, आणि पावसाळ्यांत नदीला पूर आला कीं जवाहर चौकांत पाणी शिरतें, एवढ्यापुरताच पाण्याचा आणि बाजाराचा संबंध उरला आहे. राजापुरी पंचा मात्र गांवाचें नांव अजून घरोघर नेतो. आमच्या घरांतील वडील मंडळी अजून स्नानानंतर दुसऱ्या कशास हात लावीत नाहींत.

बाजारांतून बाहेर पडून धोपेश्वराच्या बाजूनें चढण लागली. धूतपापेश्वराच्या देवळाशीं थोडें थांबावें असा आमचा बेत होता, पण पावसानें ओढा असा गर्जत होता कीं बोललेलें ऐकूं येईना. दर्शन घेऊन वर निघालों. दोहों बाजूंस आंबा, फणस, काजू, मध्येंच एखादा जुना चिरेबंदी गडगा. मग चढण एकाएकीं संपते, झाडी मागें पडते, आणि समोर आकाशाखेरीज कांहींच राहत नाहीं. हाच सडा.

सडा हा शब्द देशावरच्या वाचकांस परका वाटेल. कोंकणांत डोंगर चढून माथ्यावर गेलें कीं पुष्कळदां शिखर लागत नाहीं. लागतें एक विस्तीर्ण सपाट पठार, जांभ्या दगडाचें, काळपट तांबडें, जणूं कोणी भाकरी तव्यावर विसरून गेली आहे. त्यालाच सडा म्हणतात; कोणी नुसतें कातळ म्हणतात. वैशाखांत हा कातळ पाहणारास येथें विधात्यानें हात कां आंखडता घेतला असा प्रश्न पडेल. गवत जळून गेलेलें, दगडावर अनवाणी पाऊल ठरत नाहीं, सावलीस झाड नाहीं. परंतु आम्ही गेलों तें ज्येष्ठाच्या अखेरीस, तीन-चार मोठे पाऊस होऊन गेल्यावर, आणि तोच कातळ आमच्यासमोर भिजून, चकाकून, हिरवा होऊं लागला होता. दगडाच्या प्रत्येक खळग्यांत पाणी होतें. वीतभर मातीच्या आधारानें दीपकाडी उगवली होती. पांढरीं, दोन-चार फुलांची ही नाजूक काडी कोंकणच्या या पट्ट्याबाहेर फारशी आढळत नाहीं. पुढें श्रावण-भाद्रपदांत येथें सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा गालिचा पसरतो. तो पाहण्यास आम्हांस राहतां आलें नाहीं, याची रुखरुख अजून आहे.

गुरांचा एक कळप दूरवर चरत होता, आणि राखणा पोऱ्या इरल्याऐवजीं प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेऊन उभा होता. शेजारच्या एका गांवाचें नांवच 'देवाचें गोठणें' असें आहे. गोठण म्हणजे दुपारीं गुरें एकत्र बसण्याची जागा. ज्या जागेस पूर्वजांनीं देवाच्या गुरांची जागा म्हटलें, तिला सातबाऱ्याच्या उताऱ्यावर 'पोटखराब' म्हणतात. उतारा लिहिणाराचा त्यांत दोष नाहीं. नांगर न चालणाऱ्या जमिनीस महसूल खात्याजवळ दुसरा शब्दच नाहीं. पण एका शब्दापायीं केवढा अनर्थ ओढवूं शकतो, तें पुढें सांगतों.

आधीं पाण्याची गोष्ट सांगितली पाहिजे. सड्याच्या कडेला उतारावर एक वाडी आहे. तेथें आम्ही एका घरीं पाणी मागितलें, तेव्हां आजींनीं तांब्याबरोबर कोंकणच्या रीतीप्रमाणें गुळाचा खडाही पुढें ठेवला. पाणी गार आणि गोड. विहिरीचें का, असें विचारतां त्या म्हणाल्या, "विहीर कसली, भाऊ! वरच्या सड्याचें." आणि मग ओटीवर बसून त्यांनीं आम्हांस जो पाठ दिला, तो एखाद्या भूगर्भशास्त्र्यानें ऐकावा. पाऊस सड्यावर पडतो. जांभा दगड हा मधाच्या पोळ्यासारखा सच्छिद्र. पाणी त्याच्या भेगांतून आणि छिद्रांतून खालीं मुरतें. खालीं चिकण मातीचा थर लागला कीं त्याला आणखी खालीं जातां येत नाहीं. तें आडवें सरकत जातें, आणि डोंगराच्या कुशींतून झरा होऊन बाहेर येतें. त्या झऱ्याच्या खालीं वाडी, वाडीखालीं पोफळी आणि नारळ, त्याखालीं भाताचे मळे, सर्वांत खालीं खाडी. या ओळींत वरची पायरी ती सडा. येथें वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो आणि तरीही उन्हाळ्यांत कोंकण तहानेलेलें असतें, हें आपण नेहमीं ऐकतों. त्या शंभर इंचांपैकीं जेवढें पाणी फाल्गुन-चैत्रापर्यंत टिकतें, तें या 'पोटखराब' दगडांत टिकतें. राजापूरची गंगा चौदा कुंडांतून एकाएकीं वाहूं लागते आणि एकाएकीं गुप्त होते, तिचें मर्मही जमिनीखालच्या पाण्याच्या अशाच कांहीं वाटांत असावें, असें शास्त्रज्ञ म्हणतात. श्रद्धाळू मनुष्य त्यामुळें तिला गंगा म्हणण्याचें सोडीत नाहीं, आणि सोडूंही नये.

याच सड्यावर कातळशिल्पें आहेत. रत्नागिरीचे श्री. सुधीर रिसबूड व श्री. धनंजय मराठे यांनीं सहकाऱ्यांसह वर्षानुवर्षें सडे तुडवून या चित्रांचा शोध घेतला, म्हणून आज आपणांस त्यांची माहिती आहे. गांवकरी त्यांस पिढ्यान्‌पिढ्या पांडवांचीं चित्रें म्हणत आले. दगडाच्या आडव्या पृष्ठभागावर कोरून काढलेल्या या आकृति उभ्यानें पाहतां लवकर डोळ्यांत भरत नाहींत. आमच्या वाटाड्यानें पायानें पाणी सारलें, आणि पाण्याखालून एक मासा निघाला! कशेळीच्या सड्यावर साठ फुटांच्या घरांतला एक हत्ती आहे. बारसूस एक मनुष्याकृति दोन वाघांच्या मध्यें उभी आहे. सिंधु संस्कृतीच्या मुद्रेवर दोन वाघांस थोपविणारा जो पुरुष दिसतो, त्याच्याशीं तिचें साम्य पाहून पंडितांस मोठें कुतूहल वाटतें. देवाच्या गोठण्यास चित्राजवळ होकायंत्र ठेवलें तर सुई भलतीच दिशा दाखविते. हीं चित्रें दहा हजार वर्षांपूर्वींचीं असावींत असा कांहीं तज्ज्ञांचा अंदाज आहे. २०२२ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत कोंकणांतील ज्या जागा घेण्यांत आल्या, त्यांत बारसू आणि देवाचें गोठणें हीं दोन्हीं नांवें आहेत.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा प्रवास केला तिच्याकडे वळतों.

२०१७ सालीं राज्य शासनानें राजापूर व देवगड तालुक्यांतील नाणार आणि आसपासच्या गांवांची जमीन एका प्रचंड तेलशुद्धीकरण व पेट्रोरसायन कारखान्यासाठीं घेण्याची अधिसूचना काढली. देशांतील तीन सरकारी तेलकंपन्यांनीं मिळून त्यासाठीं नवी कंपनी स्थापिली. २०१८ त सौदी अरेबिया आणि अबूधाबी येथील सरकारी तेलकंपन्यांशीं भागीदारीचे करार झाले. कारखान्याचा आवांका असा: वर्षाला ६ कोटि टन कच्चें तेल शुद्ध करावयाचें आणि त्यापासून १ कोटि ८० लक्ष टन पेट्रोरसायनें काढावयाचीं. आंकड्यांनीं डोळे दिपतात, अर्थ लागत नाहीं. म्हणून एक माप देतों. मुंबईंत माहुलजवळ ज्या दोन रिफायनऱ्या आहेत, त्या दोन्हींची मिळून शक्ति वर्षाला दोन कोटि टनांच्या थोडी वर आहे. राजापुरास त्या दोहोंच्या जवळजवळ तिप्पट यावयाचें होतें. नाणारच्या पंचक्रोशीनें एकजुटीनें नकार दिला. मोर्चे निघाले, ग्रामसभांनीं ठराव केले, मुंबईचे चाकरमानी गांवीं परतून उभे राहिले. आणि मार्च २०१९ मध्यें अधिसूचना रद्द झाली.

परंतु कारखाना गेला नाहीं. त्यानें जागा बदलली. जानेवारी २०२२ मध्यें तत्कालीन मुख्यमंत्र्यांनीं पंतप्रधानांस पत्र लिहून बारसू परिसरांतील १३,००० एकर आणि कच्च्या तेलाच्या बंदरासाठीं नाटें येथील २,१४४ एकर जमीन सुचविली. बारसूच्या जमिनीपैकीं नव्वद टक्के जमीन ओसाड आहे, कोणाचें घर हालवावें लागणार नाहीं, असा त्या पत्राचा आशय होता. मागें म्हटलेला शब्द तो हाच. घर हालणार नाहीं हें खरेंही असेल. पण सड्यावर सिमेंट पसरलें तर आजींच्या तांब्यांतलें पाणी कोठून यावें, याचें उत्तर 'ओसाड' या शब्दांत नाहीं. दगडावरचीं चित्रें वाचवावयाचीं तर चित्राभोंवतीं कुंपण घालतां येईल. झऱ्याला कुंपण कसें घालणार?

एप्रिल २०२३ मध्यें जमिनीखालची माती तपासण्यासाठीं सड्यावर यंत्रें आलीं. त्या आठवड्याची हकीकत आम्हांस वाडीवाडींत ऐकावयास मिळाली, आणि प्रत्येक वेळीं सांगणारी बहुधा बाईच असे. ऊन असें कीं कातळावर पाय भाजावे. तशांत बायका गाड्यांपुढें रस्त्यावर आडव्या पडल्या. पोलिसांनीं त्यांस उचलून नेलें, दुसऱ्या आल्या. २८ एप्रिल रोजीं सड्यावर अश्रुधूर सोडण्यांत आला. लाठ्याही चालल्या असें गांवकरी सांगतात, सरकारपक्षानें तें नाकारलें. त्याच्या आधीं फेब्रुवारींत राजापूरचे पत्रकार श्री. शशिकांत वारिशे, जे या प्रकल्पाविरुद्ध व जमिनींच्या व्यवहारांविषयीं लिहीत असत, त्यांस एका मोटारीनें चिरडलें, आणि पोलिसांनीं तो अपघात न मानतां खुनाचा गुन्हा नोंदविला. हें सारें सांगतांना कोणाचा आवाज चढला नाहीं. एक वृद्ध गृहस्थ, जे पूर्वीं शाळामास्तर होते, एवढेंच म्हणाले, "आम्ही कारखान्याला नाहीं म्हणत नाहीं हो. हाच कां, आणि इथेंच कां, एवढें विचारतों. त्याचें उत्तर द्यायला कोणी अभियंता येत नाहीं, पोलीस येतात."

हाच कां, याचें उत्तर शोधण्यास कोणीं परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. चेंबूर ओलांडून माहुलास जावें. कोळ्यांचें जुनें गांव, खाडींत हिंवाळ्यांत रोहित पक्ष्यांचे थवे, आणि भोंवतीं १९५४-५५ पासून उभीं राहिलेलीं तेलाचीं व रसायनांचीं कोठारें. आम्ही गेल्या पौषांत तेथें एक संध्याकाळ काढली. चिमण्यांच्या शेंड्यांवर ज्वाळा जळत असतात. त्या आतील जादा वायु जाळण्यासाठीं असतात, आणि दूरून दिवाळीसारख्या शोभतात. जवळ गेल्यावर वास येतो, आणि तो वास घरांत, अंथरुणांत, दुधाच्या पातेल्यांत असतो, असें तेथील बायका सांगतात. के. ई. एम. रुग्णालयाच्या तज्ज्ञांनीं २०१३ त तेथील लोकांच्या श्वासाची पाहणी केली होती. २०१५ च्या डिसेंबरांत राष्ट्रीय हरित लवादानें माहुल व आंबापाडा येथील रहिवाशांच्या आरोग्यास हवेमुळें धोका आहे असा स्पष्ट निर्णय दिला. असें असूनही त्यानंतरच्या वर्षांत तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोंपड्या हालविल्या तेव्हां तेथील हजारों कुटुंबांस घरें मिळालीं तीं माहुलांत! शेवटीं २०१९ सालीं उच्च न्यायालयास सांगावें लागलें कीं यापुढें कोणासही तेथें राहण्यास पाठवूं नये. जेथें न्यायालय मनुष्यास राहूं देत नाहीं, तशी जागा तिप्पट आकारानें राजापुराजवळ करावयाची, असा हा हिशेब आहे. नवें यंत्र जुन्यापेक्षां स्वच्छ असतें, हें आम्ही मान्य करतों. परंतु यंत्राची राखण करणारें खातें तेंच असतें. मुंबई-गोवा मार्गानें जातां-येतां खेडनंतर लोटे-परशुराम लागतें. तेथील रसायनांच्या वसाहतीचें सांडपाणी दाभोळच्या खाडींत उतरून मासे कसे नाहींसे झाले, हें डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीनें २०११ च्या आपल्या अहवालांत लिहून ठेविलें आहे. नियम तेथेंही होतेच.

पेट्रोरसायन म्हणजे काय, हें आमच्या कित्येक वाचकभगिनींस सांगितल्यावर आश्चर्य वाटेल, कारण दिवसभर त्यांचा हात त्यालाच लागत असतो. तेलांतून निघणारा नाफ्था वाफेबरोबर सुमारें ८०० ते ८५० अंशांच्या भट्टींतून क्षणार्धांत नेतात. त्याचे रेणू तुटतात आणि एथिलीन, प्रोपिलीन असे वायु निघतात. त्यांचेच पुढें डबे, पिशव्या, बाटल्या, कृत्रिम धाग्याचें कापड. याच क्रियेंत बेंझीन आणि ब्युटाडाइन हींही निघतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें या दोहोंची गणना मनुष्यास निश्चितपणें कर्करोगकारक द्रव्यांत केली आहे. अमेरिकेंत मिसिसिपी नदीच्या कांठीं बॅटन रूजपासून न्यू ऑर्लिन्सपर्यंत सुमारें ८५ मैल असे कारखाने एकास एक लागून आहेत, आणि त्या पट्ट्यास लोकच 'कॅन्सर ॲली', म्हणजे कर्करोगाची गल्ली, म्हणतात. तेथील सेंट जेम्स नांवाच्या तालुक्यांत शॅरन लविन या निवृत्त शिक्षिकेनें शेजाऱ्यांस आपल्या घरीं जमवून २०१८ त विरोध उभा केला, आणि २०१९ त एका चिनी कंपनीस आपला प्लास्टिकचा कारखाना मागें घ्यावा लागला. बारसूच्या बायकांनीं या बाईंचें नांव ऐकलेलें नाहीं. आम्ही ती गोष्ट सांगितली तेव्हां एकीनें विचारलें, "तिच्याकडेही पोलीस आले होते का?"

हवेचा आणखी एक प्रश्न आहे, तो शेजाऱ्यांपुरता नाहीं. एक टन तेल जाळलें कीं सुमारें तीन टन कार्बन डायऑक्साइड हवेंत जातो. गाड्या विजेवर चालूं लागल्या तर तेलाची मागणी आपोआप उतरेल, असा पुष्कळांचा समज आहे. परंतु आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनें २०१८ च्या अहवालांत म्हटलें होतें कीं २०३० पर्यंत तेलाच्या मागणींत जी वाढ होईल, तिचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग एकट्या पेट्रोरसायनांचा असेल. आज बांधलेला कारखाना तीस-चाळीस वर्षें चालविल्याखेरीज त्याचे पैसे फिटत नाहींत. म्हणजे एवढा मोठा कारखाना बांधणें हें पुढच्या दोन पिढ्यांच्या वतीनें तेल जाळण्याचें वचन देण्यासारखें आहे. आणि त्या जळण्याचा परिणाम कोंकणच्या बागाइतदारास पुस्तकांत वाचावा लागत नाहीं. पौष-माघांत थंडी नीट पडली तर हापुसाला मोहोर येतो. थंडी चुकली, अवेळीं पाऊस पडला, तर मोहोर गळतो, तुडतुडे पडतात, औषधांचा खर्च वाढतो, आणि पेटी उशिरा मुंबईस पोंचते. जून २०२० मध्यें 'निसर्ग' वादळानें रायगडच्या किनाऱ्यावरच्या माड-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. मे २०२१ मध्यें 'तौक्ते'नें या किनाऱ्यावरचा ऐन हंगामाचा आंबा झाडाखालीं पाडला. त्याच वर्षीं जुलैंत चिपळूण बुडालें. तापत्या अरबी समुद्राच्या कांठावर, हापुसाच्या बागांच्या मधोमध, समुद्र आणखी तापविणारें यंत्र बसवावयाचें, यांतला विसंगतपणा दाखविण्यास पांडित्य लागत नाहीं.

असें असतां कारखाना हवा म्हणणारेही गांवांत आहेत, आणि त्यांचें म्हणणें आम्हीं ऐकून घेतलें. एक पदवीधर तरुण आम्हांस रागानें म्हणाला, "तुम्ही मुंबईला राहायचं आणि आम्ही इथं फुलं राखायची!" या बोलण्यास आमच्याजवळ चटकन उत्तर नव्हतें, आणि आजही अर्धेंच आहे. कोंकणचा मुलगा दहावी झाली कीं गाडींत बसतो, घरांत म्हातारीं माणसें आणि कुलूप राहतें, ही शंभर वर्षांची रड आहे. पण असा कारखाना बांधतांना हजारों हात लागतात, आणि चालूं लागला कीं बहुतेक काम यंत्रें करतात. उरलेल्या जागांसाठीं विशेष शिक्षण घेतलेली माणसें लागतात व तीं देशभरांतून येतात. राजापूरच्या मुलास पहारेकऱ्याची जागा मिळेल. उलट आंबा-काजूवर प्रक्रिया करणारे लहान कारखाने, मासे टिकविण्याचीं शीतगृहें, सड्यावरचीं चित्रें पाहण्यास येणाऱ्यांची सोय, यांवर कोणी त्या तीन लक्ष कोटींचा शतांश तरी खर्च केला काय, हा प्रश्न त्या तरुणानेंच आपल्या आमदारांस विचारण्याजोगा आहे. हापुसास २०१८ त भौगोलिक मानांकन मिळालें. त्याचा फायदा ज्या वेगानें गांवापर्यंत यावयास हवा होता, त्या वेगानें आला नाहीं, हें त्याचें गाऱ्हाणें मात्र खरें आहे.

आम्ही ज्यांच्या घरीं उतरलों होतों, तेथील एक गोष्ट सांगतों, कारण ती आमच्या वाचकांच्या घरची आहे. घर जुनें, माजघर अंधारें, देवघरांत समई. रात्रीं जेवणें झाल्यावर यजमानांनीं कपाटांतून सातबारा काढला. सड्यावरच्या चार एकर कातळावर सदतीस नांवें! त्यांपैकीं राजापुरांत दोन. बाकीचीं पुणें, डोंबिवली, इंदूर, बडोदें, आणि सात-आठ अमेरिकेंत. रिफायनरीची बातमी फुटण्याच्या सुमारास अशा नांवांना पत्रें आणि फोन येऊं लागले. कोणी तरी दलाल, बोलणें गोड. 'वर्षानुवर्षें पडीक जमीन, तुम्ही कधीं पाहिलीही नसेल, एवढी सही करा.' ज्यांनीं सड्यावर कधीं पाऊल ठेवलें नाहीं अशांनीं किती तरी जमीन बाहेरच्यांस विकली, आणि ज्यांची विहीर त्या सड्याखालीं आहे त्यांस ती विक्री पुढें उताऱ्यावर नांव बदललेलें पाहूनच कळली. या घरांतही पुण्याच्या चुलतभावांनीं सही करण्याचें ठरविलें होतें. मग यजमानांच्या वहिनी, वय पंचाहत्तर, एकट्या पुण्यास गेल्या. वाद घातला नाहीं. मुलांना आणि सुनांना सुट्टींत बोलावून घेतलें, सड्यावर नेलें, येतांना झऱ्याचें पाणी पाजलें. सही अजून झालेली नाहीं. "पण सदतीस नांवें आहेत," यजमान उतारा घडी घालीत म्हणाले, "आणि वहिनी एक."

हें लिहीत असतां बारसूच्या सड्यावर कारखाना उभा राहिलेला नाहीं. कारखाना दुसरीकडे नेणार, लहान करणार, अशाही बातम्या मधून मधून उठतात. गांवकरी त्यांवर विश्वास ठेवीत नाहींत, कारण २०१९ सालीं नाणार सुटलें तेव्हां पेढे वांटणारांत बारसूचीही माणसें होतीं.

शेवटच्या दिवशीं आम्ही नाट्यास गेलों. यशवंतगडाच्या खालीं खाडी रुंद होते, पलीकडे जैतापूर, आणि मासेमारी बंद असल्यानें होड्या कांठावर ओढून माडाच्या झांपांखालीं झांकलेल्या होत्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांस समुद्र बंद असतो. या दोन महिन्यांत मासळी अंडीं घालते आणि माणसें जाळीं शिवतात. कच्चें तेल आणणारीं जहाजें लागण्याचें बंदर याच किनाऱ्यावर योजिलें होतें. एका तांडेलाजवळ आम्ही बसलों. सड्याच्या भांडणाशीं तुमचा काय संबंध, तो तर कित्येक मैल आंत आहे, असें आम्हीं विचारलें. त्यानें हातांतली गांठ पुरी केली, दांतांनीं दोरा तोडला, आणि खाडीकडे बोट केलें. पाण्याच्या मधोमध एक तांबूस पट्टा समुद्राकडे चालला होता, सरळ आणि रुंद.

"तो सडाच आहे," तो म्हणाला. "पहिल्या पावसांत दर वर्षीं येतो."